मूळ आणि अस्सल

मोटारींच्या शर्यतींशीं माझा कोणताहि संबंध नाहीं. मला मोटार हांकतां येत नाहीं, आणि घरांत जी एक आहे तिच्यांत मी मागच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसतों. असें असतां एका शर्यतीच्या गाडीविषयीं लिहिण्यास मी प्रवृत्त व्हावें याचें वाचकांस नवल वाटेल. त्यास एक घरगुती कारण आहे व तें मी पुढें सांगणारच आहें. तूर्त एवढेंच सांगतों कीं, "तीच वस्तु" म्हणजे काय, या प्रश्नाची जी चर्चा मी तर्कशास्त्राच्या वर्गांत गेलीं पंचवीस वर्षें करीत आलों, तिच्यांत ही गाडी मला दृष्टांत म्हणून फार उपयोगीं पडली. आणि अलीकडे एके दिवशीं तो दृष्टांत माझ्या हातून निसटून माझ्याच अंगावर आला.

गाडी इंग्लंडची. तिचें नांव "ओल्ड नंबर वन". वॉल्टर ओवेन बेंटली याने १९१९ सालीं जी मोटारींची कंपनी काढली तिच्या कारखान्यांत ती तयार झाली. फ्रान्समध्यें ल मां या गांवीं दरवर्षीं चोवीस तासांची एक शर्यत होते. तींत दोन सारथी पाळीपाळीनें एकच गाडी रात्रंदिवस हांकीत असत. ही शर्यत या एकाच गाडीनें १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. पहिल्या वर्षीं वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन हे तिचे सारथी होते. दुसऱ्या वर्षीं बार्नाटो व ग्लेन किड्स्टन. हा बार्नाटो मोठा विलक्षण गृहस्थ दिसतो. बापानें दक्षिण आफ्रिकेंतील हिऱ्यांवर अपार संपत्ति मिळविलेली. त्या संपत्तीच्या आधारावर बेंटली कंपनी कांहीं वर्षें तगली. आणि ल मांच्या शर्यतींत हा तीनदां उतरला व तीनहि वेळां जिंकला. तरीहि १९३१ सालीं कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली.

शर्यतीची गाडी म्हणजे सणाला बाहेर काढावयाची पैठणी नव्हे. एका शर्यतींत जें झिजलें, तुटलें किंवा मंद वाटलें तें दुसऱ्या शर्यतीपूर्वीं कारखान्यांत काढून टाकावयाचें व नवें बसवावयाचें, हा तिचा नित्यक्रम. ओल्ड नंबर वनचेंहि तसेंच झालें. १९३२ सालापर्यंत तिच्याखालीं निराळा सांगाडा आला होता आणि साडेसहा लिटरच्या जागीं आठ लिटरचें इंजिन बसलें होतें. त्या वर्षीं सप्टेंबरच्या २४ तारखेस ब्रुकलंड्स येथें पांचशें मैलांची शर्यत होती. ब्रुकलंड्स हें लंडनजवळचें १९०७ सालीं उघडलेलें शर्यतीचें मैदान. त्याचीं वळणें बशीच्या कांठाप्रमाणें उंच उचललेलीं असत, म्हणजे भरधांव येणारी गाडी त्या काँक्रीटच्या चढाला तिरपी चिकटून वळत असे. जॅक व क्लाइव्ह डन्फी हे दोघे सख्खे भाऊ त्या दिवशीं ओल्ड नंबर वनचे सारथी होते. क्लाइव्हची पाळी आली. कांहीं वेळानें गाडी वळणाच्या माथ्यावरून पलीकडे गेली व क्लाइव्ह जागच्या जागीं ठार झाला.

मोडलेली गाडी टाकून दिली गेली नाहीं. बार्नाटोसाठीं ती पुन्हां बांधली गेली, आणि शर्यतीची उघडी गाडी रस्त्यावरची दोन बैठकींची बंद गाडी झाली. पुढें ती या हातांतून त्या हातांत गेली. किती वेळां, तें महत्त्वाचें नाहीं. कालांतरानें बंद गाडीचें अंग उतरलें व जुन्या पराक्रमाच्या काळास शोभेल असें उघडें अंग पुन्हां तिच्यावर चढलें. प्रत्येक मालकानें तिला ओल्ड नंबर वन म्हणूनच घेतलें व ओल्ड नंबर वन म्हणूनच सांभाळलें.

१९९० च्या एप्रिलमध्यें तेव्हांच्या मालकानें ती एका कंपनीस विकण्याचा करार केला. किंमत एक कोटि पौंडांच्या घरांतली. पुढें खरेदीदारानें माघार घेतली. त्याचें म्हणणें असें कीं, जी गाडी आम्हांस ओल्ड नंबर वन म्हणून दिली जात आहे ती ओल्ड नंबर वन नव्हेच. ल मां जिंकणाऱ्या गाडीचें तिच्यांत उरलें आहे काय? मालकानें दावा लावला. "हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटर" या नांवानें तो इंग्लंडच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें चालला व त्याच वर्षीं जुलैमध्यें निकाल लागला. हें निकालपत्र कायद्याच्या विद्यार्थ्यांपेक्षां तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं अधिक वाचावें अशा योग्यतेचें आहे.

प्रथम उरलें काय याचा हिशेब झाला. ज्यांचा काळच ठरवितां येत नाहीं अशा किरकोळ जोडवस्तु सोडल्या, तर १९२९ च्या गाडीचें कांहींहि शिल्लक नव्हतें. १९३० च्या गाडीपैकीं पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचें कवच आणि सुकाणूची नळी एवढें राहिलें होतें. पण १९३२ च्या गाडीचें पुष्कळ होतें: सांगाडा, पाटे, पुढचा आंस, मागील आंसाचें कवच, मागचे ब्रेक, आठ लिटरचें इंजिन, समोरच्या कांहीं तबकड्या. या यादीकडे मला पुन्हां वळावयाचें आहे.

मग शब्दांचा विचार झाला. "मूळ" हा शब्द न्यायमूर्तींनीं नाकारला. कारखान्यांतून प्रथम ज्या स्थितींत बाहेर पडली त्याच स्थितींतली गाडी ती मूळ, आणि तसें येथें नव्हतें. पण ही नुसती पुनर्रचना आहे, मेलेल्या गाडीचें पुनरुत्थान आहे, हेंहि त्यांस मान्य झालें नाहीं. कारण ती गाडी मधल्या काळांत कधींच नाहींशी झालेली नव्हती. प्रत्येक फेरफाराच्या वेळीं कालची गाडी आजच्या गाडींत चालत आलेली होती. तिच्या नांवावर किंवा लौकिकावर हक्क सांगूं शकेल अशी दुसरी गाडी आज नाहीं व पूर्वींहि नव्हती. तेव्हां ती "मूळ" नसली तरी "अस्सल" आहे. विकावयास निघालें होतें तें केवळ धातु नव्हे, हा इतिहास व हा लौकिकहि त्याबरोबर विकावयास निघाला होता, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मालक जिंकला. इंग्रजी भाषेंत हे दोन शब्द पुष्कळदां एकमेकांत मिसळतात. आपल्या मराठींत "मूळ" आणि "अस्सल" यांतला भेद सराफाच्या पेढीवरचा पोरगाहि जाणतो.

वाचकांपैकीं पुष्कळांस येथवर थीसिअसचें जहाज आठवलें असेल. प्लूटार्क सांगतो कीं, थीसिअस क्रीटहून ज्या जहाजांतून परतला तें अथेन्सच्या लोकांनीं शतकानुशतकें जतन केलें. कुजलेली फळी काढावी, नवी बसवावी, असा क्रम चालला, आणि तत्त्वज्ञांस वादासाठीं एक कायमचें उदाहरण मिळालें. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत आणखी एक पेंच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचेंच दुसरें जहाज उभें केलें, तर थीसिअसचें जहाज कोणतें? न्यायमूर्ति ऑटन सुदैवी, त्यांच्यापुढें दुसरें जहाज नव्हतें. ल मांचा सांगाडा जर कोठें तरी गंजत पण शाबूत सांपडता, तर त्यांस निकाल देणें इतकें सुकर झालें नसतें.

आमच्या वर्गांत हें जहाज लांकडाच्या फळ्यांपलीकडे सहसा जात नाहीं. पण प्लेटोचा "फीडो" वाचणाऱ्यास ठाऊक आहे कीं, हेंच जहाज म्हणून अथेन्सचे लोक ज्यास मानीत तें दरवर्षीं डेलॉसच्या यात्रेस जाई, व तें परत येईपर्यंत नगरांत कोणास देहान्ताची शिक्षा देत नसत. सॉक्रेटीसाच्या चौकशीच्या आदल्या दिवशीं त्याच्या पिछाडीस माळा घातल्या गेल्या, म्हणून विषाचा पेला त्यास सुमारें एक महिना उशिरां मिळाला. ज्या जहाजांत थीसिअसच्या वेळची एखादी तरी फळी होती कीं नाहीं याची शंका, त्या जहाजामुळें एक मनुष्य महिनाभर अधिक जगला व बोलला. ओळखीच्या प्रश्नास जगांत किती वजन असतें याचें याहून बोलकें उदाहरण मला माहीत नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न रथावरून निघाला. "मिलिंदपञ्ह" या पाली ग्रंथांत यवन राजा मिलिंद भिक्षु नागसेनाकडे येतो. "नागसेन म्हणून कोणी आत्मा येथें नाहीं, तें केवळ व्यवहाराचें नांव," असें ऐकून राजा वाद घालूं लागतो. नागसेन विचारतो, महाराज, आपण पायीं आलांत कीं रथांतून? रथांतून. मग रथ म्हणजे आंस काय? चाकें काय? जूं काय? प्रत्येकास राजा नाहीं म्हणतो, आणि शेवटीं, या सर्वांच्या आधारानें "रथ" हें नांव चालतें, एवढेंच त्यास कबूल करावें लागतें. आमच्या नैयायिकांस अर्थात् हें पटणारें नव्हतें. त्यांच्या मतें अवयवी ही अवयवांहून निराळी, खरीखुरी वस्तु. मात्र त्याची किंमत त्यांस अशी द्यावी लागली कीं, वस्त्राचा एक तंतु गेला तरी जुनें वस्त्र नष्ट होऊन नवें उत्पन्न झालें असें म्हणावें लागतें. न्यायदर्शनाचा कट्टर अनुयायी ब्रुकलंड्सच्या कारखान्यांत उभा असता तर दर आठवड्यास त्यानें एका ओल्ड नंबर वनचें सुतक पाळलें असतें! न्यायमूर्ति ऑटन यांस ठाऊक नसतांना त्यांनीं बौद्धांचा पक्ष घेतला. अखंड चालत आलेला संतान, आणि त्यावर बसलेलें नांव, एवढें त्यांस पुरेसें झालें.

मलाहि तें पुरेसें वाटे. वर्षानुवर्षें मी हा निकाल मुलांस समाधानानें सांगत आलों. वस्तूचें सातत्य तिच्या द्रव्यांत नसून तिला "आपली" म्हणून पुढें चालविणाऱ्या माणसांच्या हातांत असतें, असें सांगून मी तास संपवीत असें. अजूनहि तें खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. पण वर दिलेल्या यादीकडे वाचकांनीं माझ्याबरोबर पुन्हां एकदां पाहावें.

एक कोटि पौंड कशाचे मोजले जात होते? ल मांच्या दोन विजयांचे. आणि ल मांचें लोखंड गाडींत किती? एक दांडा, एक कवच, एक नळी. उलट, जीं इंजिन, सांगाडा व आंस खरेदीदाराच्या हातीं प्रत्यक्ष पडणार होतीं तीं बव्हंशीं त्या गाडीचीं, जी क्लाइव्ह डन्फीस घेऊन वळणाच्या माथ्यावरून गेली. विजय नांवानें चालत आला होता, मृत्यु द्रव्यानें. धातूचा पुरावाच प्रमाण मानावयाचा, तर ती प्रामुख्यानें अपघाताची गाडी आहे. इतिहासाचें सातत्य प्रमाण मानावयाचें, तर ती विजयाचीहि गाडी आहे व अपघाताचीहि. ती केवळ विजयाची गाडी ठरेल असा कोणताहि सिद्धांत, द्रव्याचा नव्हे कीं संतानाचा नव्हे, मला सांपडत नाहीं. आणि तरीहि जाहिरातींत, चित्रांत, मालकाच्या बोलण्यांत अशी वस्तु नेहमीं विजयाचीच असते. न्यायालयास यांत दोष देण्याचें कारण नाहीं. त्याच्यापुढें प्रश्न कराराचा होता, आणि निकालपत्रांत तो जीवघेणा अपघात लपविलेला नाहीं.

जुन्या इंग्रजी कायद्यास हा विचार परका नव्हता. ज्या हलत्या वस्तूनें मनुष्याचा प्राण घेतला, मग ती गाडी असो, घोडा असो, कीं गिरणीचें चाक असो, ती "देवास देय" म्हणून राजाकडे जमा होई. किंवा पंच तिची किंमत ठरवीत व मालक ती भरी. आगगाडी आली, माणसें डझनावारी मरूं लागलीं, इंजिनांवर अशी आकारणी होऊं लागली, आणि रेल्वे कंपन्यांस हें परवडेना; १८४६ सालीं पार्लमेंटनें ती चाल बंद केली. ती चाल रानटी होती यांत संशय नाहीं. लोखंडाला पाप लागत नाहीं. परंतु त्या रानटी चालींत एक गोष्ट होती जी आपण गमावली: मालकास आपल्या वस्तूच्या इतिहासांतील काळी बाजू कांहीं तरी किंमत देऊन मान्य करावी लागे.

यावर कोणी म्हणेल, मोटारीच्या अपघातांत कोणाचा अपराध नव्हता, मग ही उठाठेव कशाला? मान्य. मी अपराधाविषयीं बोलत नाहीं, वारशाविषयीं बोलतों. "ही तीच आहे" असें म्हणून जो तिचें यश घेतो त्यास तिचें अपयश "तें तेव्हांचें, त्या निराळ्या गाडीचें" म्हणून टाकतां येईल काय, एवढाच माझा प्रश्न आहे. अथेन्सच्या लोकांनीं तरी तसें केलें नव्हतें. थीसिअस परत येतांना काळें शीड उतरवून पांढरें चढविण्यास विसरला, आणि तें काळें शीड पाहून त्याच्या बापानें कड्यावरून उडी टाकली. मुलांस सोडवून आणणारें जहाज व बापाचा जीव घेणारें जहाज एकच. प्लूटार्क लिहितो कीं, त्या परतीच्या उत्सवांत पुढें लोक एक आरोळी आनंदाची देत व लगेच दुसरी शोकाची देत. तत्त्वज्ञ फळ्या मोजीत राहिले. साध्या यात्रेकरूंस दोन्ही आरोळ्या ठाऊक होत्या.

नागसेनानेंहि रथावरच गोष्ट संपविली नाहीं, हें मी वर्गांत सांगत असें पण घाईघाईनें. राजा विचारतो, जर जन्मोजन्मीं तोच कोणी जात नाहीं, तर मागल्या कर्मांतून पुढला सुटला म्हणावयाचा काय? नागसेन आंबे चोरणाऱ्याची गोष्ट सांगतो. चोर पकडला जातो व म्हणतो, महाराज, यानें लावलेले आंबे निराळे, मीं तोडलेले आंबे निराळे. मी याचें कांहीं चोरलें नाहीं. तो सुटेल काय? सुटणार नाहीं, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यापासूनच आले. या गोष्टीस वर्गांत हमखास हंशा पिकतो. मीहि हंसत असें.

आमच्या धर्मशास्त्रानें हाच विचार पैशाच्या भाषेंत मांडला होता. बापाचें ऋण फेडणें हें मुलाचें पवित्र कर्तव्य. त्यांतून जुगाराचें, मद्याचें व तसल्या व्यसनांचें ऋण तेवढें वगळलेलें. २००५ सालच्या दुरुस्तीनें केवळ या पवित्र कर्तव्याच्या आधारावर मुलानातवंडांकडून नवें कर्ज वसूल करण्याचा मार्ग कायद्यानें बंद केला, आणि तें योग्यच झालें. जन्मास आलेल्या मुलानें सावकाराचा बांधील होऊन यावें असें कोण म्हणेल? पण कायद्यानें कर्ज सोडलें म्हणून वाडाहि सोडला, असें कोणी केल्याचें मीं ऐकलें नाहीं.

वाड्याची गोष्ट निघाली, तेव्हां आतां ती घरगुती हकीकत सांगतों.

आमचा एक वाडा नगरकडील एका खेड्यांत आहे. सारें गांव त्यास माझ्या पणजोबांचा वाडा म्हणतें. वस्तुतः त्यांच्या वेळचें दगडी जोतें व दिंडी दरवाजाची चौकट सोडली तर तेथें कांहींहि त्यांचें नाहीं. मातीच्या भिंती एका पावसाळ्यांत बसल्या, त्या आजोबांनीं विटांच्या केल्या. धाब्याच्या जागीं पत्रे आले. पत्र्यांच्या जागीं वडिलांनीं अर्ध्या भागावर स्लॅब टाकला. न्यायमूर्ति ऑटन यांच्या कसोटीनें तो मूळ नव्हे पण अस्सल आहे, असें मी थट्टेनें म्हणत असें. त्या वाड्याचा लौकिक एका गोष्टीवर उभा आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत पणजोबांनीं ओट्यावर चुली मांडून दोन महिने येईल त्यास आंबील वाटली. लहानपणीं ही कथा मीं इतक्या वेळां ऐकली आहे कीं, त्या आंबिलीचा वास मला ठाऊक आहे असें वाटतें.

मागच्या वर्षीं पुतण्यानें वाड्याचा जीर्णोद्धार काढला. माळ्यावरची ट्रंक माझ्याकडे आली. कागद मोडींत, मला मोडी येत नाहीं, म्हणून आमच्या इतिहासाच्या एका सहकाऱ्यानें ते वाचून दिले. त्यांत एक गहाणखत निघालें. त्याच दुष्काळाच्या सालचें. एका कुणब्यानें विहिरीजवळचें आपलें शेत पणजोबांकडे तीन मण जोंधळ्यावर गहाण ठेवलें होतें. मुदतींत सोडवलें नाहीं म्हणून शेत आमचें झालें. अशा गहाणांच्या मुळाशीं जाऊन शेतकऱ्यास न्याय देण्यासाठीं १८७९ चा खास कायदा या जिल्ह्यास लागू होता. पण उपाशी माणूस कचेरी गांठत नाहीं. हें शेत पुढें आजोबांनीं विकलें व त्या पैशांवर माझे वडील पुण्यास शिकले. वडील शिकले म्हणून मी शिकलों. ज्या खुर्चींत बसून मी नागसेनाचे आंबे मुलांस समजावून देतों, ती कोठून आली तें आतां मला ठाऊक आहे.

पणजोबा ढोंगी होते असें मला वाटत नाहीं. आंबील खरी होती, तिनें माणसें जगलीं. गहाणखतहि खरें आहे. एकाच हातानें, कदाचित् एकाच सकाळीं, ओट्यावर पळी आणि आंत बोरू धरला. त्या काळच्या सावकाराच्या मानानें तीन मण हा दर वाईट नव्हता, असेंहि माझ्या सहकाऱ्यानें मला धीर देण्यासाठीं सांगितलें. मला त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं.

त्या कुणब्याच्या आडनांवाचें घर गांवांत अजून आहे. मी मुद्दाम गेलों. खताची प्रत पिशवींत होती. घरचे म्हातारे ओसरीवर होते. त्यांनीं मला ओळखलें, नातीस चहा ठेवावयास सांगितलें, आणि मी कांहीं बोलण्यापूर्वींच म्हणाले, "वाड्यावरचे न्हवं तुमी? तुमच्या पणज्यानं दुष्काळात आमच्या मान्सांना आंबील घातली म्हून आमी हाओत. आमची म्हातारी मरस्तंवर नाव घ्यायाची." मग कशावरून तरी विहिरीकडची गोष्ट निघाली. "त्यो तुकडा बी कवातरी आमचाच व्हता म्हंत्यात," म्हातारे म्हणाले. "कसा गेला, कुनाला ठावं." चहा आला. मीं तो घेतला व परत आलों. पिशवी उघडली नाहीं.

नंतर मीं स्वतःस पुष्कळ समजाविलें. सव्वाशें वर्षांनंतर कागद दाखवून त्या म्हाताऱ्याची कृतज्ञता मोडण्याचा मला काय अधिकार? शेत आमच्याकडे नाहीं, देणार काय? आणि दिलें तर कोणास, त्या घराच्या आज पांच शाखा झाल्या आहेत. या युक्तिवादांत तर्कदोष नाहीं. तर्कदोष शोधण्याचाच माझा धंदा आहे, म्हणून हें मी खात्रीनें सांगूं शकतों. मात्र आंबे चोरणाऱ्याच्या युक्तिवादांतहि तसा दोष नव्हता, हें मला त्याच वेळीं आठवत होतें. पुढें एकदां पत्र लिहावयास घेतलें. तें तीनदां फाडलें.

वाड्याचें काम आतां संपत आलें आहे. दिंडीच्या उजव्या हातास भिंतींत शाहाबादी फरशी बसवून तीवर वाड्याचा इतिहास कोरावा असें पुतण्याच्या मनांत आहे. "काका, तुम्ही प्रोफेसर, मजकूर तुम्हीच द्या. आंबिलीचें अवश्य घाला," असें त्याचें सांगणें. त्यास मीं गहाणखत दाखविलें. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "हें कोणास ठाऊक आहे?" मीं म्हटलें, तुला व मला. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं, आणि नको असेंहि म्हणाला नाहीं.

फरशी दोन फूट बाय दीड फूट आहे. अक्षर बोटभर धरलें तर सात ओळी मावतील, असें गवंड्यानें कळविलें आहे, व मजकूर कधीं येतो म्हणून तो दर दोन दिवसांनीं फोन करतो. आंबिलीस तीन ओळी लागतात. तीन मण जोंधळा, विहिरीजवळचें शेत व त्या कुणब्याचें नांव, एवढें मीं काल रात्रीं एका कागदावर लिहून पाहिलें. तें दोन ओळींत बसतें.